चित्र घेऊन पुन्हा डोंगरावर

बर्न शहरातल्या आब्राहाम वाग्नर या प्रकाशकानं १७७०च्या दशकात एक मोठं काम अंगावर घेतलं. आल्प्स पर्वतातली शिखरं, हिमनद्या, धबधबे आणि गुहा यांची खरीखुरी चित्रं काढून घ्यायची, त्यांवरून छापे करायचे आणि लोकांपुढे ठेवायचे. या कामासाठी त्यानं कास्पार वोल्फ या चित्रकाराला निवडलं. वोल्फ १७३५ साली मुरी या गावात जन्मलेला, म्हणजे तेव्हा चाळिशीच्या आसपासचा. पुढची काही वर्षं ही मंडळी आल्प्सच्या खोऱ्याखोऱ्यांतून हिंडली. वाग्नर स्वतः बरोबर असायचा आणि दगड-वनस्पतींचा जाणकार असलेला याकोब सामुएल विटेनबाख हा पाद्रीही.

चित्रकारानं डोंगरात जाऊन वहीत रेखाटनं करणं तेव्हा काही नवं नव्हतं. वोल्फची पद्धत मात्र नवी होती. तो जागेवर बसून पुठ्ठ्यावर तैलरंगात कच्चं चित्र करायचा. मग खाली येऊन चित्रशाळेत त्यावरून नीट, मोठं चित्र रंगवायचा. इतर कुणाचंही काम इथे संपलं असतं. वोल्फ ते पूर्ण झालेलं चित्र घेऊन पुन्हा डोंगरावर जायचा. ज्या जागी पहिल्यांदा बसला होता त्याच जागी उभं राहायचं, चित्र समोरच्या डोंगराशी ताडून पाहायचं आणि जिथे चुकलं असेल तिथे जागेवरच हात फिरवायचा, असा त्याचा शिरस्ता होता. रस्ते नसलेल्या त्या काळात, खेचरांच्या वाटेनं, रंगवलेलं कापड सांभाळत केलेली ती दुसरी चढण डोळ्यांपुढे आणून पाहावी. त्या दुसऱ्या फेरीसाठी वोल्फला कुणी जास्तीचं मोल दिलं असेल असं वाटत नाही. तरी तो गेला.

वाग्नरला हिवाळ्यातलेही आल्प्स हवे होते. म्हणून लाउटरब्रुनेनच्या दरीत जवळजवळ तीनशे मीटरांवरून कोसळणारा श्टाउबाखचा धबधबा वोल्फनं गोठलेल्या अवस्थेतही रंगवला. दीडशेहून अधिक चित्रं त्यानं या कामासाठी केली. छापील संग्रहाला आल्ब्रेख्त फोन हालर या मोठ्या शास्त्रज्ञ-कवीची प्रस्तावना मिळाली, पण धंदा म्हणून तो उपक्रम चालला नाही. वोल्फ १७८३ साली गरिबीत गेला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं त्याचं नावही फारसं कुणी घेतलं नाही.

वोल्फला पुन्हा वर जावंसं का वाटलं, हे डोंगरासमोर रंग घेऊन बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. सपाट मुलखात उजेड हळूहळू बदलतो आणि बदललेला कळायलाही वेळ लागतो. डोंगरात तसं नसतं. सकाळी उजेड आधी माथ्यावर येतो आणि धारेधारेनं खाली उतरतो. संध्याकाळी दरी अंधारून गेलेली असताना माथा पेटलेला असतो. सावली उतारावरून सरकताना डोळ्यांना दिसते. बर्फाला स्वतःचा असा रंगच नसतो. आभाळ निळं असेल तर सावलीतला बर्फ निळा, सूर्य कलला की तोच केशरी, मग गुलाबी, मग राखाडी. ती शेवटची लाली काही मिनिटंच टिकते. त्यात ढग कधी मध्ये येईल याचा नेम नसतो. आपल्याकडे श्रावणात हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीवर कागद-रंग घेऊन गेलेल्यांनाही ही गत चांगली ठाऊक असते. समोरचा सुळका रेखून होतो, पहिला वॉश वाळायच्या आत धुकं येतं आणि सुळकाच नाहीसा होतो.

डोळा हे सगळं पाहू शकतो. हात तेवढा वेगानं चालत नाही. उघड्यावर डोंगर रंगवण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या एका अडचणीवर माणसांनी काढलेल्या नाना तोडग्यांचा इतिहास आहे. गंमत अशी की दोन मोठ्या चित्रकारांचा तोडगा सहसा एक नसतो.

त्यातला सर्वांत सरळ तोडगा पिएर-आन्री द वालांसिएन या फ्रेंच चित्रकारानं सांगितला. त्यानं १७८०च्या दशकात रोमच्या परिसरात उघड्यावर छोटी छोटी तैलचित्रं केली होती, आणि १८०० साली परस्पेक्टिव्हवरच्या आपल्या ग्रंथात त्या अनुभवाचा नियमच घालून दिला. निसर्गासमोर केलेल्या अभ्यासचित्राला जास्तीत जास्त दोन तास द्यावेत. सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्धा तास, त्यापुढे नाही. चित्र अपुरं राहिलं तर राहू द्यावं, कारण नंतर भरलेला उजेड हा त्या वेळचा उजेड नसतो. एकच जागा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी रंगवावी, असंही त्याचं सांगणं होतं. ही चित्रं विकायची नव्हती, लोकांना दाखवायचीही नव्हती. ती हाताची तालीम होती. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला नियम पुढेही कुणी दिलेला दिसत नाही.

टर्नरनं अगदी उलटा रस्ता धरला. इंग्लंड आणि फ्रान्समधलं युद्ध १८०२ साली थोडं थांबलं, तेव्हा हा २७ वर्षांचा इंग्रज चित्रकार प्रथम आल्प्समध्ये गेला आणि चारशेहून अधिक रेखाटनं घेऊन परतला. पण उघड्यावर बसून रंग लावत बसणं त्याला परवडत नसे. एक रंगीत चित्र होईतो पेन्सिलीची पंधरा-सोळा रेखाटनं होतात, असा त्याचा हिशेब होता. तो आकार वहीत घ्यायचा आणि रंग डोक्यात ठेवायचा. खोलीवर आल्यावर, कधी कधी बऱ्याच वर्षांनी, ते रंग कागदावर उतरायचे. अशी स्मरणशक्ती असलेल्या माणसाची पद्धत इतरांनी उचलू नये, कारण ती पद्धत नव्हेच, ती देणगी होती.

तिचं फळ १८४२ साली दिसलं. १८४१पासून सलग काही उन्हाळे टर्नर स्वित्झर्लंडला जात होता. लुसर्न गावात सरोवराकाठच्या खानावळीत तो उतरे आणि पाण्यापलीकडचा रिगी डोंगर पाहत राही. रिगी काही फार उंच नाही, १,८०० मीटरांच्या आतबाहेर. त्या एका डोंगराची तीन मोठी जलरंगचित्रं त्यानं केली. पहाट होतानाचा निळा रिगी, सकाळच्या धूसर उजेडातला काळसर रिगी आणि मावळत्या उन्हातला तांबडा रिगी. निळ्या रिगीत सूर्य अजून डोंगरामागेच आहे. पुढे सरोवराचं पाणी, मागे एकसंध निळा डोंगर आणि आभाळात शुक्राचा बारीक ठिपका. डोंगरावर दगड, झाडं, वाटा काहीच दिसत नाहीत, कारण त्या वेळी ते दिसतही नाहीत. हे चित्र देशाबाहेर जाऊ नये म्हणून २००७ साली ब्रिटनमध्ये लोकवर्गणीची हाक दिली गेली आणि टेट संग्रहालयानं ते ४९.५ लाख पौंडांना घेतलं. कागदावरच्या पाण्याच्या रंगांसाठी सामान्य माणसांनी पाच-पाच पौंड काढून दिले.

टर्नर म्हातारा होत होता त्याच सुमारास एक साधी वस्तू निघाली आणि तिनं हा सगळा उद्योगच बदलून टाकला. तोवर तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून मिळत. खिळ्यानं भोक पाडायचं, रंग पिळून घ्यायचा आणि भोक पुन्हा त्याच खिळ्यानं बुजवायचं. पिशवी फुटायची, रंग सुकायचा, प्रवासात सामानाला फासला जायचा. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन व्यक्तिचित्रकारानं १८४१ साली कथलाची मऊ, दाबता येणारी नळी तयार केली. आज टूथपेस्टची असते तशीच. झाकण फिरवून बंद केलं की रंग महिनोन्‌महिने ताजा राहतो. जलरंगांच्या वड्याही याच दरम्यान ओलसर, ब्रश टेकवताच रंग सोडणाऱ्या झाल्या होत्या. चित्रशाळा पाठीवर मारून नेता येण्याची सोय झाली ती अशी. इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या दृष्टीचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण रँडची नळी नसती तर त्यांतले बरेचजण शेताच्या बांधापर्यंतही पोचले नसते.

नळी आल्यावर काहीजण थेट शिखरावरच गेले. गाब्रिएल लोपे हा फ्रेंच चित्रकार शामोनीच्या आसपास रमलेला, गिर्यारोहकांमध्ये मिसळलेला. ऑगस्ट १८७३मध्ये तो लेस्ली स्टीफन या इंग्रज लेखक-गिर्यारोहकाबरोबर मोंब्लाँच्या माथ्यावर सूर्यास्त पाहायला थांबला. हा स्टीफन म्हणजे कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फचे वडील. सुमारे ४,८०० मीटर उंचीवर सूर्य मावळेपर्यंत थांबायचं म्हणजे अंधारात, गोठत्या थंडीत खाली उतरायचं. स्टीफननं त्या संध्याकाळवर निबंध लिहिला आणि लोपेनं तिथेच झरझर रंग लावले. थंडीत तैलरंग घट्ट होतो, ब्रश ओढला तरी सरकत नाही, बोटं बधिर होतात. जलरंगाचं तर पाणीच गोठतं आणि कागदावर बर्फाच्या सुयांची नक्षी उमटते. स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांवर गेलेला डॉक्टर-चित्रकार एडवर्ड विल्सन म्हणूनच बाहेर रंग काढतच नसे. पेन्सिलीनं रेखाटन, त्यावर कुठे कोणता रंग याची बारीक अक्षरातली टिपणं, आणि मग तळावरच्या झोपडीत दिव्याच्या उजेडात चित्र.

क्लोद मोनेचा तोडगा सर्वांना ठाऊक आहे, गवताच्या गंजींमुळे आणि रूआँच्या चर्चमुळे. एकाच विषयाचे अनेक कॅनव्हास जवळ ठेवायचे आणि उजेड बदलला की हातातला बाजूला ठेवून त्या उजेडाचा उचलायचा. १८९५च्या हिवाळ्यात तो नॉर्वेला गेला आणि हीच युक्ती त्यानं डोंगरावर करून पाहिली. कोल्सोस नावाचा तो डोंगर चारशे मीटरही उंच नाही, पण मोनेला त्यात जपानच्या फुजी पर्वताची आठवण झाली. चौपन्नाव्या वर्षी, दाढीत बर्फ साचेपर्यंत तो बाहेर उभा राहिला. कोल्सोसची तेरा चित्रं झाली. या चित्रांचा गंजींसारखा बोलबाला झाला नाही. ती घाईत केलेली वाटतात, आणि ती खरोखरच घाईत केलेली आहेत. पण एकच डोंगर तेरा वेळा तेरा रंगांचा का दिसतो, हे ओळीनं पाहिल्यावर कळतं.

दक्षिण फ्रान्समध्ये एक्स गावाजवळ सेझाननं त्याच काळात उजेडाचा पाठलागच सोडून दिला. त्याच्या समोर सँत-व्हिक्त्वार होता, चुनखडीचा, हजार मीटरांच्या थोडा वर. तो सेझाननं तीसहून अधिक तैलचित्रांत आणि कितीतरी जलरंगांत रंगवला. त्याला अमक्या क्षणाचा डोंगर नको होता. ऊन आलं-गेलं तरी जे तसंच राहतं, ते डोंगराचं बसणं, त्याचा भार, मैदानातून तो उठतो ती जागा, हे त्याला हवं होतं. दोन फटकाऱ्यांच्या मध्ये तो बराच वेळ नुसता पाहत राही. तरीही तो घरात बसला नाही, रोज बाहेर गेला. १५ ऑक्टोबर १९०६ रोजी रंगवताना वादळी पावसानं त्याला गाठलं. तो तसाच काम करत राहिला आणि परतताना कोसळला. एका गाडीवाल्यानं त्याला घरी आणलं. आठवड्याभरात तो वारला. वय ६७.

या सर्वांमध्ये जोव्हान्नी सेगांतिनीजवळ थोडं थांबायला हवं. वोल्फनं पूर्ण झालेलं चित्र वर नेलं. सेगांतिनीनं ते खाली आणलंच नाही.

त्याचा जन्म १८५८चा, गार्डा सरोवराजवळच्या आर्को गावातला. ते गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं. सात वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी त्याला मिलानला सावत्र बहिणीपाशी ठेवलं आणि लवकरच तेही गेले. बाराव्या वर्षी रस्त्यावर भटकताना सापडलेल्या या पोराला सुधारगृहात घातलं गेलं. तिथे त्याला चपला-बूट दुरुस्त करायला शिकवलं. ऑस्ट्रियाचं नागरिकत्व सुटलं होतं आणि इटलीचं मिळालं नाही, त्यामुळे तो कुठल्याच देशाचा नव्हता. कागद नसल्यानं बीचे बुगाट्टीशी त्याचं कायदेशीर लग्नही होऊ शकलं नाही. आयुष्यभराचा संसार आणि चार मुलं मात्र झाली. मिलानच्या ब्रेरा अकादमीत तो रात्रीच्या वर्गांना जाऊन चित्रकला शिकला. अकादमी सोडल्यावर त्याची वाट सतत वर वर जाते. आधी ब्रियांझाच्या टेकड्या, मग १८८६मध्ये स्वित्झर्लंडमधलं साव्होनीन, सुमारे १,२०० मीटरांवर. १८९४मध्ये मालोया, १,८०० मीटरांवर. उंची वाढली तशी हवा विरळ आणि कोरडी झाली, उजेड कडक झाला. सेगांतिनीला तोच हवा होता.

तो उजेड नेहमीच्या पद्धतीनं रंगवता येत नाही, हे त्याला लवकर उमगलं. पॅलेटवर दोन रंग कालवले की दोघांचंही तेज कमी होतं. तिसरा मिसळला की मळच होतो. म्हणून त्यानं रंग कालवणंच कमी केलं. कॅनव्हासवर आधी तांबड्या मातीच्या रंगाचा अस्तर-हात द्यायचा. त्यावर आकार बसवायचा. मग बारीक ब्रशनं शुद्ध रंगाच्या लांब, जाड रेघा एकीशेजारी एक ओढायच्या, मध्ये जरा फट ठेवून. त्या फटीत, पहिला रंग ओला असतानाच, त्याचा विरोधी रंग भरायचा. निळ्याशेजारी नारिंगी, हिरव्याशेजारी तांबडा. लांबून पाहिलं की डोळाच ते रंग एक करतो आणि समोरचं गवत किंवा बर्फ आतून उजळल्यासारखं दिसतं. फ्रान्समध्ये सरा ठिपक्यांनी असंच काही करत होता. इटलीतल्या या पद्धतीला डिव्हिजनिझम म्हणतात. सेगांतिनीच्या हातात ठिपक्याची रेघ झाली, आणि ती रेघ वस्तूच्या अंगानं जाते. गवतावर ती गवताच्या पात्यासारखी उभी, मेंढीच्या पाठीवर लोकरीसारखी वळणारी, कड्यावर दगडाच्या थरासारखी. जवळून पाहिलं तर चित्र विणलेल्या घोंगडीसारखं वाटतं.

१८९१चं ‘आल्प्समधली दुपार’ हे चित्र घ्या. निळ्या कपड्यातली एक मेंढपाळ मुलगी टळटळीत उन्हात उभी आहे, मागे मेंढ्या, त्यापलीकडे बर्फाची रांग. चित्रात फारसं काही घडत नाही. दुपारच्या वेळी उंचावर डोळे बारीक करावे लागतात, तेवढंच त्यात आहे. आणि ते इतकं खरं आहे की पाहणाऱ्याचेही डोळे बारीक होतात. त्या मुलीसाठी उभी राहिलेली बार्बारा ऊफर ही साव्होनीनची. घरकामाला म्हणून आलेली ही मुलगी, ‘बाबा’ या घरगुती नावानं ओळखली जाणारी, पुढे त्याच्या बहुतेक चित्रांत दिसते. तो रंगवत असताना ती जवळ बसून पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवी. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या सेगांतिनीचं बरंचसं वाचन असं झालं.

पण रेघारेघांनी दोन-तीन मीटर लांबीचा कॅनव्हास भरायला महिने लागतात आणि उजेड तर मिनिटांत जातो. सेगांतिनीनं यावर काढलेला तोडगा अंगमेहनतीचा होता. जिथून दृश्य दिसतं त्या उतारावरच तो कॅनव्हास उभा करायचा आणि त्याभोवती दारं असलेला लाकडी पेटारा ठोकून घ्यायचा. पाऊस, बर्फ, वारा पेटाऱ्यानं सोसायचा. ठरलेल्या वेळेला चित्रकारानं चालत जायचं, दारं उघडायची, तेवढा उजेड असेतो काम करायचं आणि दारं लावून परत यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेला. सकाळच्या चित्राचा पेटारा एका डोंगरावर, संध्याकाळच्याचा दुसऱ्या, हिवाळ्यातल्याचा तिसऱ्या. ऋतू संपला की ते चित्र थांबायचं. पुढच्या वर्षी तसा बर्फ पडला की पुढे सुरू.

पॅरिसमध्ये १९०० साली भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याच्या मनात एक अफाट बेत आला. गोल इमारतीत, तो राहत होता त्या एंगादीन खोऱ्याचं चहूबाजूंनी दिसणारं प्रचंड चित्र उभारायचं. खोऱ्यातल्या हॉटेलवाल्यांनी पैसा उभा करायचं ठरवलं, पण खर्च इतका वाढला की बेत बारगळला. त्यातून उरली ती तीन चित्रं. ‘जीवन’ संध्याकाळचं, चंद्र उगवत असलेलं, झाडाच्या मुळाशी मूल घेऊन बसलेली आई. ‘मृत्यू’ हिवाळ्यातल्या सकाळचं. बर्फात दारापाशी थांबलेली घसरगाडी, घरातून बाहेर येणारी शवपेटी, वर आभाळात एक मोठा ढग. मधलं ‘निसर्ग’ सर्वांत मोठं, चार मीटर रुंद. सूर्य नुकताच मावळला आहे आणि गुरं घेऊन माणसं घराकडे निघाली आहेत. त्या चित्राचा निम्म्याहून जास्त भाग नुसतं आभाळ आहे, पिवळ्या-सोनेरी रेघांचं.

‘निसर्ग’ जिथून दिसतो ती जागा म्हणजे पॉन्त्रेसिना गावाच्या वरचा शाफबर्ग, सुमारे २,७०० मीटरांवर. चित्र पुरं करायला सप्टेंबर १८९९मध्ये सेगांतिनी तिथल्या झोपडीत राहायला गेला. बरोबर मुलगा मारिओ आणि बाबा होती. भला मोठा कॅनव्हास माणसांनी वर चढवला. काही दिवसांतच त्याच्या पोटात दुखू लागलं. बर्फ पडत होता. दुखणं अंगावर काढून त्यानं काम चालू ठेवलं आणि ते वाढलं. समादेनहून डॉक्टर ऑस्कर बर्नहार्ड बर्फातून चढून आला. तो त्याचा मित्रही होता. पुढे तीनच वर्षांत याच बर्नहार्डनं जखमांवर उन्हाचा उपचार सुरू केला आणि त्यासाठी त्याचं नाव झालं. पण पेरिटोनायटिसपुढे, पोटाच्या अस्तराच्या त्या दाहापुढे, त्या झोपडीत तो काही करू शकला नाही. मालोयाहून बीचे आणि थोरला मुलगा गोत्तार्दो आले. २८ सप्टेंबर १८९९ रोजी सेगांतिनी त्या झोपडीतच वारला. तो ४१ वर्षांचा होता. त्याचा तरुण मित्र जोव्हान्नी जाकोमेत्ती यानं मृत्युशय्येवरचं त्याचं चित्र केलं. शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्तीचे हे वडील.

सेंट मॉरिट्झला १९०८ साली सेगांतिनीचं संग्रहालय उघडलं. निकोलाउस हार्टमान या वास्तुकारानं ते दगडाचं बांधलं, वर घुमट, पॅरिसच्या त्या न झालेल्या गोल इमारतीची आठवण म्हणून. त्याचा रोख शाफबर्गकडे ठेवला आहे. घुमटाखालच्या दालनात तिन्ही चित्रं शेजारी-शेजारी आहेत आणि मधलं अपुरंच आहे.

स्वित्झर्लंडच्याच फर्डिनांड होडलरची वाट पोटापाण्यापासून सुरू झाली. थून गावात एका चित्रकाराकडे उमेदवारी करताना तो प्रवाशांना विकायची डोंगरचित्रं रंगवत असे; तेच कडे, तेच धबधबे, नकला करून करून. त्या धंद्यातून बाहेर पडायला त्याला अर्धं आयुष्य लागलं. शेवटी १९१८ साली, छातीच्या दुखण्यानं बाहेर पडणं अशक्य झाल्यावर, जिनिव्हातल्या घराच्या खिडकीतून तो पहाटेचा मोंब्लाँ रंगवत राहिला. पाण्याचा पट्टा, डोंगराचा पट्टा, आभाळाचा पट्टा. झाड नाही, होडी नाही, माणूस नाही. त्या मे महिन्यात तो गेला. उघड्यावरच्या चित्रांच्या गोष्टीत खिडकीतली चित्रं घ्यावीत का, असं कुणी विचारील. ती घ्यावीतच. उठून जाता येत नव्हतं, तरी सूर्य उगवायच्या आत तो ब्रश हातात घेऊन तयार असे.

आता पुन्हा वोल्फ. विसाव्या शतकात त्याची चित्रं धुळीतून बाहेर आली, आणि कलाभ्यासकांइतकाच त्यांचा उपयोग हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांना झाला. फोटो निघायच्या साठ-सत्तर वर्षं आधी बर्फ नेमका कुठवर होता, हे सांगणारे पुरावे थोडे आहेत. ज्यानं चित्र परत नेऊन डोंगराशी ताडलं, त्याच्या चित्रावर विश्वास ठेवता येतो. ग्रिंडेलवाल्डची खालची हिमनदी वोल्फनं रंगवली तेव्हा तिचं टोक दरीच्या तळाशी, वस्तीच्या जवळ उतरलेलं होतं. आज ते चित्र घेऊन त्याच जागी उभं राहिलं तर समोर रिकामी घळ आणि उघडा खडक दिसतो. बर्फ वर, दूर मागे गेला आहे.